स्मोर्समध्ये काय बदलावं आणि कशाला हात लावू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या) सुट्टीत सात-आठ मराठी कुटुंबं मिळून मिशिगनमधल्या एका स्टेट पार्कात कॅम्पिंगला जाताय. दरवर्षी शेकोटीवर तेच ते स्मोर्स, म्हणजे दोन बिस्किटांमध्ये भाजलेला मार्शमॅलो आणि चॉकलेट दाबून केलेली गोड सँडविचेस, होतात. मुलांना त्याचं अप्रूप राहिलेलं नाही, मोठ्यांना ते फार गोड लागतात आणि निम्म्या घरांत मार्शमॅलोमधलं जिलेटिन (प्राण्यांपासून काढलेला घट्टपणा आणणारा पदार्थ) चालत नाही. यात नवं काय करता येईल?

करण्यासारखं पुष्कळ आहे. मी इथे मिशिगनमध्ये बरीच वर्षं मुलांच्या कॅम्पमध्ये शेकोटीवरचा स्वयंपाक शिकवते. स्मोर्सचे नाना प्रकार करून, खाऊन आणि खिलवून माझं एक मत पक्कं झालं आहे. बहुतेक नवे प्रकार फसतात ते गोडावर आणखी गोड चढवल्यामुळे. मार्शमॅलो गोड, चॉकलेट गोड, बिस्किट गोड आणि त्यावर परत कॅरॅमल सॉस किंवा रंगीत गोळ्या! दुसऱ्या घासाला तोंडाला मिठी बसते. म्हणून कुठलाही बदल करण्याआधी दोन गोष्टी विचारा. या बदलामुळे गोडाला काही उतारा मिळतोय का? म्हणजे आंबट, कडू, खारट, तिखट, खरपूस असं काही. आणि दुसरं, चॉकलेट नीट पाघळायला मदत होतेय का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ नसेल तर तो बदल सोडून द्या.

आता मूळ पदार्थाकडे बघू, कारण त्याची पहिली प्रसिद्ध कृती आजच्यापेक्षा शहाणी आहे. १९२७ साली अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्स या मुलींच्या संघटनेच्या एका पुस्तिकेत ती ‘सम मोर’ या नावाने छापली गेली. आठ मुलींसाठी प्रमाण होतं १६ ग्रॅहम क्रॅकर (कोंड्याच्या चवीची गव्हाची बिस्किटं), चॉकलेटचे ८ बार आणि १६ मार्शमॅलो. म्हणजे एका सँडविचला दोन मार्शमॅलो आणि चॉकलेटच्या बारचे दोन तुकडे. मार्शमॅलो भाजायचे निखाऱ्यांवर, आणि दोन्ही बाजूंना चॉकलेट ठेवून मध्ये ते गरम गरम दाबायचे. आज सर्रास एकच मार्शमॅलो आणि एकाच बाजूला चॉकलेटचा जाड तुकडा ठेवतात, आणि मग चॉकलेट दातांखाली कडक लागतं म्हणून तक्रार करतात.

चॉकलेट का वितळत नाही, हे समजून घेतलंत तर पुढचं निम्मं काम सोपं होईल. मार्शमॅलो म्हणजे साखर, कॉर्न सिरप आणि जिलेटिन यांचा फेस. आकारमानाने त्यात निम्म्याहून जास्त हवाच असते. नेहमीच्या आकाराच्या एका मार्शमॅलोचं वजन सात ग्रॅमच्या आसपास. ४३ ग्रॅमच्या नेहमीच्या बारचा अर्धा तुकडा झाला साधारण २१ ग्रॅम. सात ग्रॅमच्या हवेशीर फेसाने, सप्टेंबरच्या गार संध्याकाळी, आपल्या तिप्पट वजनाचं थंड चॉकलेट वितळवायचं! त्याच्याकडे तेवढी धगच नसते. मिल्क चॉकलेट खरं तर ३४ अंश सेल्सिअसच्या आतच मऊ होतं, त्यामुळे त्याला थोडाच हात द्यावा लागतो. खालचं बिस्किट आणि त्यावर चॉकलेट असं मार्शमॅलो भाजायला घेण्याआधीच शेकोटीच्या कडेच्या सपाट दगडावर किंवा जाळीच्या कोपऱ्यावर ठेवून द्या. मार्शमॅलो तयार होईपर्यंत चॉकलेटच्या कडा चमकायला लागतात. तेव्हा उचला. चॉकलेट पातळ घ्या, तुकडा बारच्या चौथ्या भागाहून मोठा नको. एवढं केलंत तरी जे मोठे लोक ‘नको, फार गोड असतं’ म्हणतात, तेसुद्धा एक संपवतील, कारण चॉकलेट कमी लागतं आणि त्याची चव मात्र जास्त कळते.

शेकोटीबद्दल इथे थोडं जास्त लिहिते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. जाळावर मार्शमॅलो भाजत नाही, पेटतो. बाहेरून काळा कोळसा आणि आत गार. आपल्याला हवेत निखारे. ओक, मेपल, हिकरी अशी कठीण लाकडं घ्या. पाइनच्या लाकडात राळ असते, त्याची काजळी धरते आणि तिचा वास पदार्थाला लागतो. रंग दिलेलं किंवा रसायन मुरवलेलं लाकूड तर अजिबात नको. जेवण झाल्यावर शेकोटी पेटवून लगेच मुलांच्या हातात सळ्या देऊ नका. पाऊण तास ते तास जाऊ द्या. मग निखारे एका बाजूला ओढून घ्या आणि जाळ दुसऱ्या बाजूला राहू द्या, म्हणजे बसणाऱ्यांना उजेड मिळतो आणि भाजणाऱ्यांना स्थिर आच. मार्शमॅलो जिथे धरणार त्या उंचीवर तळहात धरून बघा. चार-पाच सेकंद सोसवत असेल तर आच बरोबर आहे. दोन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर थांबा.

लाकूड घरून गाडीत घालून नेऊ नका, कॅम्पग्राउंडजवळच विकत घ्या. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा किडा अमेरिकेत २००२ मध्ये डेट्रॉइटजवळच पहिल्यांदा लक्षात आला, आणि त्याने अ‍ॅशची कोट्यवधी झाडं मारली आहेत. एका गावाहून दुसऱ्या गावी तो पोचतो तो मुख्यतः अशा जळणाच्या लाकडातून. आपण ज्या रानात मजा करायला जातो, त्याच रानाचं नुकसान आपल्या डिकीतून जायला नको.

भाजताना सळी सतत, सावकाश फिरवा. निखाऱ्यांपासून वीतभर वर धरा. आधी आतली हवा तापून मार्शमॅलो फुगतो, पृष्ठभाग ताणून गुळगुळीत होतो, मग हळूहळू बदामी रंग चढतो. या रंगातच सगळी चव आहे. कॉर्न सिरपमधली ग्लुकोज आणि जिलेटिनमधलं प्रथिन यांची उष्णतेने प्रक्रिया होते आणि साखरही करपण्याच्या अलीकडे येऊन किंचित कडवट होते. हा कडवटपणाच गोडाला पहिला उतारा. म्हणून मी मुलांना पांढरट मार्शमॅलो काढू देत नाही. सळीवर मार्शमॅलो किंचित सैल होऊन स्वतःच घसरल्यासारखा वाटला की आतपर्यंत मऊ झाला असं समजायचं. पेटलाच तर फुंकर मारून विझवा. सळी झटकू नका. पेटता मार्शमॅलो उडून कुणाच्या हातावर पडला तर चिकटून बसतो आणि वाईट भाजतं. तसं झालंच तर आधी भरपूर साधं गार पाणी. ओरबाडून काढायला जाऊ नका.

आता जिलेटिन. इथे मिळणाऱ्या बहुतेक मार्शमॅलोमध्ये डुकराचं जिलेटिन असतं. पाकिटावर ‘कोशर’ (ज्यू धर्माच्या आहारनियमांत बसणारं) लिहिलेलं बघून शाकाहारी लोक निर्धास्त होतात, पण कोशर मार्शमॅलोत अनेकदा माशाचं जिलेटिन असतं. हलाल लिहिलेल्यात गाईगुरांचं. शाकाहारी हवे असतील तर पाकिटावर स्पष्ट ‘व्हीगन’, म्हणजे प्राणिजन्य काहीही नसलेलं, असं लिहिलेलंच घ्या. डँडीज नावाचे सहज मिळतात. त्यात जिलेटिनऐवजी कॅराजीनन, म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेला घट्टपणा आणणारा पदार्थ असतो. हे चांगले भाजतात, पण फुगतात कमी, आणि जास्त वेळ धरले तर पातळ होऊन सळीवरून निसटतात. त्यांना आच थोडी जास्त आणि वेळ कमी द्या. घरी अगर-अगर घालून मार्शमॅलो करायचा विचार असेल तर शेकोटीसाठी करू नका. अगर ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे तो चिकट, ताणला जाणारा मऊपणा येतच नाही.

तुमच्यातले काही लोक अंडं खातात पण जिलेटिन नको म्हणतात, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. बरणीत मिळणारा मार्शमॅलो फ्लफ अंड्याच्या पांढऱ्यापासून करतात, त्यात जिलेटिन नसतं. तो सळीवर भाजता येत नाही, पण खाली सांगितलेल्या भरलेल्या प्रकारांत फार उपयोगी पडतो. आणि कुणी जैन किंवा व्हीगन असेल तर क्रॅकरचा डबाही वाचा, बऱ्याच ग्रॅहम क्रॅकरमध्ये मध असतो. शाकाहारी मार्शमॅलोच्या सळ्या वेगळ्या ठेवा आणि त्यांच्या मुठींना रंगीत दोरा बांधा. मुलं अंधारात सळ्यांची अदलाबदल करतात. दोरा असला की ज्यांना चालत नाही त्यांना मोकळ्या मनाने खाता येतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का, हेही निघण्याआधी सगळ्या घरांना विचारून घ्या.

बिस्किट बदलायचं असेल तर ग्रॅहम क्रॅकर तिथे काय काम करतो ते बघा. सिल्व्हेस्टर ग्रॅहम हे एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन धर्मोपदेशक कोंड्यासकट जाडसर दळलेल्या गव्हाचा पुरस्कार करायचे. त्यांच्या पाव-बिस्किटांत आजच्यासारखी साखर नव्हती, पण कोंड्याची ती मातकट, खमंग चव आजच्या क्रॅकरमध्ये थोडी तरी शिल्लक आहे, आणि मार्शमॅलोच्या गोडाला तीच आवरते. म्हणून मैद्याचं गोड बिस्किट घेतलं की तोल जातो. पार्ले-जी मुलांना आवडतं म्हणून बरेच जण आणतात. पण ते लहान आहे, दाबलं की भुगा होतो आणि गोडही आहे. मारी त्याहून कितीतरी बरं: कमी गोड, पातळ, गोल आणि कुरकुरीत. ब्रिटनमध्ये चॉकलेट लावलेली डायजेस्टिव्ह बिस्किटं वापरतात, ती युक्ती मला फार आवडते. दोन बिस्किटांच्या चॉकलेटच्या बाजू आत करून मध्ये मार्शमॅलो दाबायचा. गव्हाची चव आहे, आणि चॉकलेटचा थर इतका पातळ की लगेच पाघळतो. लहान मुलांच्या हातीही हा प्रकार सुखरूप होतो, तुकडे घसरत नाहीत. ज्यांना खारट-गोड आवडतं त्यांना रिट्झसारखा खारा क्रॅकर आणि डार्क चॉकलेट द्या. आलं घातलेली जिंजर स्नॅप बिस्किटं मोठ्यांना पसंत पडतात. खाकरा मी थोड्या साशंकतेने करून पाहिला. साधा, बिनमसाल्याचा, तव्याएवढा खाकरा चार तुकडे करून घेतला तर उत्तम लागतो, कारण तो मुळी गोडच नाही. मेथीचा मात्र नको. ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी हिरव्या आंबट सफरचंदाच्या अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या चकत्या. सप्टेंबरमध्ये मिशिगनची सफरचंदं बाजारात यायला लागलेली असतात.

मिशिगनमध्येच आहात तर इथल्या आंबट चेरीला विसरू नका. ट्रॅव्हर्स सिटीच्या आसपासच्या भागात तिच्या बागाच बागा आहेत आणि अमेरिकेतल्या आंबट चेरीचं निम्म्याहून जास्त पीक याच राज्यात निघतं. ताजी चेरी सप्टेंबरपर्यंत राहत नाही, पण सुकवलेली वर्षभर मिळते. ६० ते ७० टक्क्यांचं डार्क चॉकलेट, त्यावर सात-आठ सुकवलेल्या चेरी आणि चांगला बदामी भाजलेला मार्शमॅलो. चेरी चॉकलेटबरोबरच दगडावर तापत ठेवा, म्हणजे मऊ होते. डार्क चॉकलेटचा कडूपणा आणि चेरीचा आंबटपणा मिळून मार्शमॅलोचं गोड इतकं बेताचं होतं की मला हा प्रकार मूळ स्मोर्सपेक्षाही चांगला वाटतो.

याच तत्त्वावर आपल्याकडची आंबापोळी. कोकणातून कुणी आणलेली असेल तर फारच छान, नाहीतर भारतीय दुकानात मिळते. ती आंबट-गोड असावी, नुसती साखरेची नको. मारीच्या आकाराचा तुकडा कापा, त्यावर मीठ आणि लाल तिखट अगदी चिमटीभर भुरभुरवा. मारीवर डार्क चॉकलेट, त्यावर ही आंबापोळी, मग मार्शमॅलो. मार्शमॅलोच्या उष्णतेने आंबापोळी लवचीक होते आणि चॉकलेटला धरून राहते. इथे जन्मलेल्या मुलांना वाटतं की यात काहीतरी वेगळीच कँडी घातली आहे. त्यांना सांगा ते काय आहे. फणसपोळीही चालते, पण तिचा वास सगळ्यांना रुचत नाही, म्हणून आधी एकच करून बघा. आमरस किंवा श्रीखंड घालायचा मोह होईल, तो टाळा. ओलं काहीही घातलं की बिस्किट मिनिटभरात लोळागोळा होतं.

शेंगदाण्याची पातळ चिक्की चॉकलेटच्या जागी ठेवू नका, ती या आचेला वितळत नाही. भरड कुटून मार्शमॅलोवर भुरभुरवा, कुरकुरीतपणा येतो. पीनट बटर कपचा पातळ प्रकार चॉकलेटऐवजी घातला तर त्याचं खारट दाणेदारपण उपयोगी पडतं, आणि मुलांच्या मतदानात तोच पहिला येतो. व्हाइट चॉकलेट सर्वांत गोड. ते फक्त आंबट फळाबरोबर.

आता सळीच्या पलीकडचे प्रकार. मोठ्या जमावाला हेच जास्त सोयीचे, कारण सगळ्यांना एकाच वेळी मिळतं आणि निखाऱ्यांभोवती गर्दी होत नाही.

सगळ्यात सोपं केळं. सालीसकट केळ्याला आतल्या वाकाच्या बाजूने उभी चीर द्या, खालची साल फाटू देऊ नका. चिरेत डार्क चॉकलेटचे तुकडे आणि खारे शेंगदाणे भरा, फॉइलमध्ये गुंडाळा आणि निखाऱ्यांच्या कडेला आठ-दहा मिनिटं ठेवा. फॉइलसकट ताटलीत घेऊन चमच्याने खायचं. यात मार्शमॅलो घालायची गरज नाही, केळं स्वतःच पुरेसं गोड असतं. गर्ल स्काउट्समध्ये हा फार जुना आणि लाडका प्रकार आहे. केळं पिकलेलं पण घट्ट असावं. काळे ठिपके भरलेलं केळं शिजून पाणी होतं.

दुसरा प्रकार शुगर कोनचा. आइस्क्रीमच्या कोनात चॉकलेट, चेरी किंवा स्ट्रॉबेरीचे तुकडे आणि बारीक मार्शमॅलो थर देऊन भरायचे, फॉइलमध्ये गुंडाळून जाळीवर पाच मिनिटं, अधूनमधून फिरवत. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी हा उत्तम, कारण त्यांना निखाऱ्यांजवळ जावंच लागत नाही. टेबलावर भरून आपल्याकडे देतात.

पण मला विचाराल तर खरी मजा पाय आयर्नमध्ये आहे. हे बिडाचे दोन चौकोनी साचे असतात, एकमेकांवर बंद होणारे, लांब दांड्यांचे. मिडवेस्टमध्ये (मिशिगन आणि आसपासच्या राज्यांत) त्यात केलेल्या पदार्थाला ‘पजी पाय’ म्हणतात. आपल्याकडे गॅसवर सँडविच करायचा हातातला टोस्टर असतो ना, त्याचाच हा दणकट भाऊ. तो घरचा टोस्टर मात्र शेकोटीवर आणू नका. त्याची मूठ प्लॅस्टिकची असते, दांडी आखूड असते आणि पातळ अ‍ॅल्युमिनियम निखाऱ्यांची धग सोसत नाही.

पाय आयर्न आधी बंद करून निखाऱ्यांवर दोन-तीन मिनिटं तापवा. गार साच्यात ब्रेड चिकटतो. ब्रेडच्या दोन स्लाइसना बाहेरच्या बाजूने लोणी किंवा तूप सढळ हाताने लावा. एक स्लाइस तुपाची बाजू खाली करून साच्यात ठेवा. मध्ये एक मोठा चमचा फ्लफ, त्यावर चॉकलेटचे तुकडे आणि सुकवलेल्या चेरी. कडेला बोटभर जागा मोकळी राहू द्या, नाहीतर सारण बाहेर येऊन करपतं. दुसरी स्लाइस वरून, साचा बंद, बाहेर आलेल्या कडा कापून टाका. आता निखाऱ्यांवर प्रत्येक बाजूला तीन मिनिटं, मग उघडून बघा. उघडून बघण्यात काही बिघडत नाही. कडा सोनेरी-तपकिरी आणि ब्रेडचा पृष्ठभाग टोस्टसारखा कडक वाजायला लागला की झालं. ताटात काढून तीन-चार मिनिटं थांबा. आतलं सारण उकळत्या पाकासारखं असतं आणि पहिल्याच घासाला जीभ पोळते.

याच साच्यात चॉकलेट न आवडणाऱ्या आजी-आजोबांसाठी मी एक वेगळं सारण करते, ते सांगते. ओलं खोबरं आणि गूळ, दोनास एक या प्रमाणात, घरीच परतून मोदकाच्या सारणासारखं कोरडसर करून न्यायचं, वेलची आणि जायफळ घालून. गव्हाच्या ब्रेडला बाहेरून तूप आणि आत हे सारण. हा आता स्मोर्स राहिला नाही हे मान्य, पण तूप लावलेल्या ब्रेडचा खरपूस पापुद्रा आणि आत गूळ-खोबरं, हे निखाऱ्यांवर इतकं सुंदर होतं की कॅम्पमध्ये पहिल्यांदा आलेले आईवडीलसुद्धा शेकोटीजवळ खुर्ची ओढून बसतात. सारण कोरडं असणं फार महत्त्वाचं. गुळाचा पाक सुटला तर साचा धुताना नाकी नऊ येतात.

बिडाचा डच ओव्हन (घट्ट झाकणाचं जाड भांडं) असेल तर सगळ्यांसाठी एकदम होणारा एक प्रकार आहे. २०० ग्रॅम डार्क चॉकलेटचे तुकडे तळाशी, त्यावर अर्धी वाटी हेवी क्रीम. दोन-चार चमचेच क्रीम घालू नका. द्रव अगदी थोडा असला की चॉकलेट एकदम घट्ट, रवाळ होऊन बसतं. वर मार्शमॅलोचा एकच थर. कोळशाच्या विटा वापरत असाल तर खाली पाच-सहाच ठेवा आणि झाकणावर चौदा-पंधरा. मार्शमॅलोला वरून धग लागली तरच रंग चढतो, आणि खालून जास्त आच दिली तर चॉकलेट तळाला लागतं. सात-आठ मिनिटांनी झाकण उचलून बघा. बदामी झालं की मध्ये ठेवा आणि भोवती सफरचंदाच्या फोडी, मारी, खारे क्रॅकर, खाकऱ्याचे तुकडे मांडा. ज्याला जे हवं ते बुडवून खाता येतं. शाकाहारी आणि इतर असे दोन गट असतील तर सरळ सगळ्यांसाठी व्हीगन मार्शमॅलोच वापरा. या प्रकारात फरक कुणाला कळत नाही. क्रीम आहे, एवढं मात्र व्हीगन मंडळींना आठवणीने सांगा.

खरेदीचा हिशेब. तीस माणसं धरली आणि माणशी दोन स्मोर्स, तर साठ होतात. मार्शमॅलो माणशी तीन धरा, कारण काही पेटणार, काही राखेत पडणार. २८३ ग्रॅमच्या पाकिटात नेहमीच्या आकाराचे साधारण ४० येतात, म्हणजे तीन पाकिटं, त्यातलं निदान दीड पाकिटाएवढं शाकाहारी. ४०८ ग्रॅमच्या ग्रॅहम क्रॅकरच्या डब्यात अखंड क्रॅकर २६-२७ निघतात आणि एक अखंड क्रॅकर मोडून एक स्मोर होतो. दोन डबे आणि बाकी मारी, डायजेस्टिव्ह, खारे क्रॅकर. चतकोर बार प्रत्येकी धरला तर ४३ ग्रॅमचे पंधरा बार, त्यातले निम्मे डार्क. केळी, कोन, पाय आयर्न हेही करणार असाल तर स्मोर्स माणशी एकच धरा. दोन संध्याकाळी असतील तर पहिल्या दिवशी सळीवरचे प्रकार आणि दुसऱ्या दिवशी पाय आयर्न, अशी वाटणी उत्तम. सगळं एकाच रात्री मांडलं की मुलं सगळ्याचा एक एक घास घेऊन टाकून देतात.

उरलेलं गोड टेबलावर ठेवून झोपू नका. मिशिगनच्या दक्षिण भागात रॅकून फार धीट असतात. नुसतं झाकण लावलेला खोका ते सहज उघडतात. उत्तरेकडे, विशेषतः अप्पर पेनिन्सुलात, काळी अस्वलंही आहेत. खाण्याचं सगळं सामान, चिकट सळ्या आणि कचऱ्याची पिशवी गाडीत बंद करा, तंबूत मुळीच नको. मुलांचे हात-तोंड साबणाने धुऊनच त्यांना स्लीपिंग बॅगमध्ये जाऊ द्या. फॉइल शेकोटीत टाकू नका. ती जळत नाही, तिचे तुकडे राखेत राहतात. शेकोटी विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी ओता आणि हाताची मागची बाजू राखेच्या अगदी जवळ नेऊन धग लागत नाही ना ते बघा.

निघण्याच्या आदल्या दिवशी पार्काची सूचना तपासा. कोरड्या हवेत शेकोटीवर बंदी असू शकते. अशा वेळी बंद-चालू करता येणारी गॅसची शेगडी बऱ्याच ठिकाणी चालते, पण तेही पार्काच्या ऑफिसला विचारूनच. शेगडीवर बिडाच्या तव्यात बिस्किट आणि चॉकलेट मंद आचेवर झाकून ठेवा, मार्शमॅलो सळीवर शेगडीच्या ज्योतीपासून जरा वर, बाजूला धरून फिरवा. पाय आयर्न तर शेगडीवरही जवळजवळ तसाच चालतो, आच मध्यम ठेवून प्रत्येक बाजूला चार मिनिटं. पाऊस आला तरी हाच उपाय करता येईल. फक्त शेगडी तंबूच्या आत नेऊ नका, मोकळ्या बाजूंच्या ताडपत्रीखाली मांडा.

आंबापोळी किंवा मोदकाचं सारण आधी घरी एकदा ओव्हनमध्ये, ब्रॉइलवर (फक्त वरून आच लागेल असं), मिनिटभर करून बघा. तुमच्या आंबापोळीत आंबट किती आहे त्यावर मीठ-तिखट किती ते ठरेल.